पाथ मॉडेलमधलं पी-मूल्य वाचताना

पाथ मॉडेलच्या (चलांचे एकमेकांवरचे परिणाम बाणांनी दाखवणाऱ्या सांख्यिकी मॉडेलच्या) निकालात पी-मूल्य (गृहीतक खरं असताना निव्वळ योगायोगानं इतका टोकाचा निकाल येण्याची शक्यता) दोन ठिकाणी दिसतं आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ उलटा लागतो. एखाद्या बाणाच्या गुणांकाशेजारी (म्हणजे परिणाम किती मोठा हे सांगणाऱ्या आकड्याशेजारी) ते ०.०५ पेक्षा कमी आलं, तर परिणाम शून्य नसावा असं म्हणायला आधार मिळतो. पण संपूर्ण मॉडेलच्या काय-स्क्वेअर चाचणीत (मॉडेल आणि डेटा यांच्यातली तफावत तपासणाऱ्या चाचणीत) तेच मूल्य कमी आलं, तर मॉडेल डेटाशी जुळत नाहीये. (नमुना मोठा असला की बारीकशा विसंगतीनंही ते घसरतं.)

सगळ्यात जास्त फसगत होते ती दोन बाणांची तुलना करताना. समजा, एकाचा गुणांक ०.३०, पी ०.०३, दुसऱ्याचा ०.२४, पी ०.०८. 'पहिला घटक परिणाम करतो, दुसरा करत नाही' असं कृपया लिहू नका. दोघांत खरंच फरक आहे का, हे या आकड्यांवरून कळतच नाही. दोन्ही चलं एकाच मापातली असतील, तर गुणांक समान ठेवण्याची अट घालून मॉडेल पुन्हा चालवा आणि काय-स्क्वेअर किती वाढला ते बघा. एका डिग्री ऑफ फ्रीडमला (म्हणजे अशी एकच अट घातल्यावर) ही वाढ ३.८४ पेक्षा कमी असेल, तर फरकाचा दावा सोडून द्या.

अप्रत्यक्ष परिणामासाठी (एका चलाचा मधल्या चलामार्फत दुसऱ्यावर होणाऱ्या परिणामासाठी) बूटस्ट्रॅपचा (त्याच डेटातून पुन्हापुन्हा नमुने काढून मिळवलेला) कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरं मूल्य ज्यात असावं असा पल्ला, घ्या; हा परिणाम म्हणजे दोन गुणांकांचा गुणाकार, आणि त्याचं वितरण सहसा नॉर्मल (घंटेच्या आकाराचं) नसतं.