अमेरिकेहून येणाऱ्या थायरॉईडच्या गोळ्या बंद झाल्या तर काय करायचं

लेकीकडून आर्मर थायरॉईड मागवत असाल तर आत्ताच हालचाल करा, ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) कंपन्यांना कळवलंय की डुकराच्या थायरॉईडपासूनच्या ह्या गोळ्यांना मंजुरी नाही, रुग्णांना औषध बदलायला वेळ मिळावा म्हणून फक्त लगेच कारवाई नाही. डबी संपायची वाट बघू नका आणि गोळ्या अर्ध्या करून पुरवत तर अजिबात बसू नका ओ. डबी, जुने रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडं जा, एका ग्रेनमध्ये (ह्या गोळ्यांचं माप) ३८ मायक्रोग्रॅम टी४ नि ९ मायक्रोग्रॅम टी३, म्हणजे थायरॉईडची दोन हार्मोन्स, असतात हे आवर्जून सांगा, म्हणजे डोस बसवायला सोपं. बदली औषध लेव्होथायरॉक्सिन (कृत्रिम टी४) आपल्याकडं मेडिकलात मिळतंय, पण डोस मनानं ठरवू नका. बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करा, थकवा, धडधड वहीत लिहा. गोळी उपाशीपोटी, चहा निदान अर्ध्या तासानं.