बंद पडलेल्या कॅलिबरची जुनी सिंगल-शॉट रायफल: काडतुसाचं बघण्याआधी चेंबरचा ठसा घ्या

जुनी सिंगल-शॉट, म्हणजे एका वेळी एकच काडतूस भरायची रायफल, हातात आली की पहिला प्रश्न, हिचं काडतूस मिळतं का, आणि मिळत नाही म्हटल्यावर लगेच दुसरा, मग घरीच बनवायचं का. जरा थांबा. त्याच्या आधी हिचं चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची पोकळी, नेमकं कसलं आहे ते कळलं पाहिजे, आणि मी इथे तेवढंच सांगतोय, कारण घोळ होतो तो इथेच होतो.

नळीवरच्या आकड्यावर जाऊ नका. ३८-४० नावाच्या काडतुसाची गोळी खरं तर ०.४० इंचाची असते, ४४-४० ची ०.४२७ च्या आसपास, नावं कशी पडली देव जाणे. मार्टिनी-हेन्री या जुन्या ब्रिटिश रायफलचं ५७७/४५० म्हणजे ५७७ स्नायडर काडतुसाच्या केसची (पितळी नळकांड्याची) मान आवळून त्यात ४५० ची गोळी बसवलेली. शिवाय एवढ्या वर्षांत मधल्या कुणी मालकाने चेंबर परत कापून घेतलं असेल तर शिक्का एक आणि आत भलतंच.

ठशासाठी सेरोसेफ नावाचा मिश्रधातू मिळतो, बिस्मथ आणि शिशाचा, ७० ते ८८ डिग्री सेल्सिअसला वितळतो. त्यात शिसं आणि कॅडमियम दोन्ही आहे, म्हणून स्वयंपाकाचं भांडं वापरायचं नाही, खिडकी उघडी ठेवायची, आणि डायरेक्ट आचेवर न धरता उकळत्या पाण्यात भांडं ठेवून वितळवायचा.

रायफल रिकामी आहे ना ते डोळ्यांनी आणि बोटाने, दोन्हीने बघा. ब्रीचब्लॉक, म्हणजे मागून चेंबर बंद करणारा ठोकळा, निघत असेल तर काढून ठेवा, काम निम्मं सोपं होतं. चेंबर घासून स्वच्छ करा, तेलाचं बोट फिरवून परत कोरडं पुसा, तेल साचलं तर ठशावर खड्डे येतात. मग चेंबर संपतं तिथून साधारण अर्धा इंच पुढे नळीत कापडाचा घट्ट बोळा बसवा, म्हणजे रायफलिंग (नळीतले पिळदार चर) सुरू होतं तो भागही ठशात येतो. तोंड खाली करून नळी उभी धरा आणि एका धारेत ओता, रिमची, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या कडेची, खाच भरली की बास. मी पहिल्यांदा हौसेने काठोकाठ ओतलं, ते वरून रायफल उघडण्या-मिटण्याच्या यंत्रणेत, म्हणजे अ‍ॅक्शनमध्ये उतरलं आणि सगळं तिथेच गोठलं. नशीब की हा धातू उकळत्या पाण्याने परत सुटतो, पण अख्खी दुपार गेली त्यात.

घट्ट झाला की अर्ध्या तासाच्या आत पुढून गज घालून हलकेच ढकला. आधी तो आकसतो म्हणून सुटून येतो, नंतर फुगायला लागतो. ओतल्यापासून साधारण एका तासाने त्याचं माप चेंबरएवढंच असतं, मोजायचं तेव्हाच. आठेक दिवसांनी, म्हणजे २०० तासांनी, तोच ठसा इंचामागे ०.००२५ इंच मोठा भरतो. म्हणून कागदावर ओतल्याची वेळ लिहाच.

ठसा उजेडात धरला की जुन्या रीमरच्या (चेंबर कापायच्या हत्याराच्या) बारीक रेघासुद्धा दिसतात. रिमचा व्यास आणि जाडी, रिमच्या लगेच पुढचा व्यास, खांदा असेल तर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, मानेचा व्यास, चेंबरची लांबी, एवढं मायक्रोमीटरने घ्या, प्रत्येक माप तीनदा.

नळीचं माप वेगळं घ्यायचं. मऊ शिशाचा किंचित मोठा गोळा, नळीला तेल लावून, लाकडी दांड्याने पुढून मागे हळूहळू ठोकत न्या. मध्येच सैल झाला तर तिथे नळी झिजलेली किंवा फुगलेली आहे असं समजा. चरांची संख्या सम असेल तर समोरासमोर मोजता येतं, पण मार्टिनी-हेन्रीला ७ चर, तिथे साधा मायक्रोमीटर फसवतो, व्ही आकाराच्या खाचेत गोळा टेकवणारा, म्हणजे व्ही-अ‍ॅन्व्हिलवाला लागतो. आणि ४५० हा आकडा चरांमधल्या उंचवट्यांचा, चरात त्याहून जास्त भरतं.

आता ही मापं जुन्या काडतुसांच्या ड्रॉइंगशी ताडून बघा. एखादं माप जुळत नसेल तर "जवळपास आहे" म्हणून पुढे जाऊ नका, ठसा परत घ्या. प्रूफचे, म्हणजे नळीच्या दाब-चाचणीचे, शिक्के पण बघा, नायट्रो प्रूफ (बिनधुराच्या दारूसाठीची चाचणी) नसेल तर ही नळी ब्लॅक पावडरच्या, म्हणजे जुन्या काळ्या दारूच्या, प्रेशरसाठीच आहे असं धरून चाला, आधुनिक स्मोकलेस पावडरचं प्रेशर वेगळ्याच तऱ्हेने चढतं आणि जुना स्टील ते पेलेल याची खात्री नाही.

मग ठसा, शिशाचा गोळा आणि कागद, तिन्ही घेऊन जुन्या बंदुकांवर काम करणाऱ्या गनस्मिथकडे जा. काडतूस बनवायला तुमच्याकडच्या कायद्यात परवाना लागतो का तेही त्यालाच विचारा, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत रायफल भिंतीवरच राहू दे.