रेडिओग्राफी सोर्सचा हिशोब: रबाळ्याच्या स्टोअरमधून

मी रबाळे एमआयडीसीतल्या एका रेडिओग्राफी कंपनीत आरएसओ आहे, म्हणजे रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर. पाइपलाइनच्या वेल्डिंगचे जोड तपासायला आम्ही इरिडियम-१९२ हा किरणोत्सारी पदार्थ वापरतो. त्याच्या बंद कॅप्सूलला आम्ही सोर्स म्हणतो, आणि तो ज्या ढाल असलेल्या जड पेटीत राहतो तिला कॅमेरा. कॅप्सूलमधलं इरिडियम हरभऱ्याच्या दाण्याहून लहान असतं. १९९९ साली पेरू देशातल्या यानांगो इथे एका वेल्डरने असाच पडलेला सोर्स उचलून पँटच्या मागच्या खिशात टाकला. काही तास तो खिशातच राहिला आणि त्या माणसाला पाय गमवावा लागला. स्टोअरचं काम नव्याने हाती घेणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्याच दिवशी हे सांगते. चोरी करणाऱ्यालाही बहुतेक वेळा ठाऊक नसतं की आपण काय उचललंय.

पहिली गोष्ट रजिस्टरची. प्रत्येक सोर्ससाठी स्वतंत्र पान ठेवा. त्यावर सोर्सचा नंबर, कोणत्या कॅमेऱ्यात आहे त्या कॅमेऱ्याचा नंबर, वाशीच्या ब्रिटकडून (सोर्स पुरवणाऱ्या सरकारी संस्थेकडून) आला त्या दिवशीची क्युरी, म्हणजे सोर्सची ताकद, आणि तारीख लिहा. सोर्सचा नंबर आणि कॅमेऱ्याचा नंबर वेगळे असतात. नवा सोर्स भरला की जोडी बदलते, आणि निम्मे घोटाळे तिथेच होतात. एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) ई-लोरा पोर्टलवरची नोंद आणि हे पान एकमेकांशी तंतोतंत जुळलं पाहिजे. कॅमेरा बाहेर जाताना आणि परत येताना नंबर कॅमेऱ्यावरच्या पट्टीवरून वाचून लिहायचा. वरच्या ओळीतून उतरवायचा नाही.

आता खरं काम. रजिस्टरमध्ये ‘जमा’ लिहिलंय म्हणजे सोर्स जमा झाला असं नाही, आणि पिटमध्ये, म्हणजे कॅमेरे ठेवायच्या कुलूपबंद खड्ड्यात, कॅमेरा दिसतोय म्हणजे आत सोर्स आहे असंही नाही. कॅमेरा रिकामा असला तरी वजन जवळपास तेवढंच भरतं, कारण वजन आतल्या ढालीचं असतं. किरणोत्सार मोजायचा मीटर लावून सुई थोडी हलली, एवढ्यावरही समाधान मानू नका. पुष्कळ कॅमेऱ्यांत ढाल डिप्लीटेड, म्हणजे कमी किरणोत्सारी, युरेनियमची असते आणि तिचंही थोडं रीडिंग येतं. मोजायचं ते अपेक्षित आकड्याशी ताडून.

माझी पद्धत अशी. नवा सोर्स आला की कॅमेऱ्याच्या एका ठरलेल्या जागी पेंटने टिकली लावते, त्या टिकलीवर सर्व्हे मीटर धरते आणि आकडा पानावर लिहिते. इरिडियम-१९२ सुमारे ७४ दिवसांत निम्मं होतं. म्हणजे पहिल्या दिवशी टिकलीवर २०० मायक्रोसिव्हर्ट प्रति तास आलं असेल, तर ७४ दिवसांनी १०० च्या आसपास आणि १४८ दिवसांनी ५० च्या आसपास यायला हवं. प्रत्येक सोमवारचा अपेक्षित आकडा मी आधीच पेन्सिलीने मांडून ठेवते. मोजणारा बदलला तरी टिकली तीच, अंतर तेच आणि मीटरही तोच. मीटरचं कॅलिब्रेशन संपलं असेल तर त्या दिवशीची मोजणी धरायची नाही.

पाच वर्षांपूर्वी जुलैत रात्रपाळीची टीम तळोज्याहून परतली. रजिस्टरमध्ये एक नंबरचा कॅमेरा जमा होता, सही व्यवस्थित होती. टिकलीवर १४० यायला हवं होतं, आलं ६०. माझे हातपाय गार पडले. झाकण पुसून पट्टी वाचली तेव्हा कळलं की हा तीन नंबरचा, जुन्या सोर्सचा कॅमेरा आहे. एक नंबर दुसऱ्या टीमबरोबर खोपोलीला गेला होता आणि नोंद वरच्या ओळीतून उतरवलेली होती. तो कॅमेरा कुलूपबंद आणि सुरक्षित आहे, मीटरवर रीडिंगही बरोबर आहे, हे फोनवर पक्कं होईपर्यंत चार तास गेले. ज्या मुलाची चूक होती त्याला मी रागावले नाही. त्याच्याकडूनच पुढे महिनाभर रोजची मोजणी करून घेतली.

पिटला दोन कुलपं आणि किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे. गणपतीला निम्मं स्टोअर कोकणात जातं, तेव्हा किल्ली कोणाकडून कोणाकडे गेली हे आदल्या दिवशी मोजणी करून, दोघांच्या सह्यांनी लिहा. कॅमेरा एसटीत, लोकलमध्ये, रिक्षात कधीच न्यायचा नाही. गाडीत कॅमेरा असताना चहाला सगळे एकदम उतरायचं नाही.

सोर्स क्षीण झाला की परवानगी घेऊन ब्रिटकडे परत पाठवायचा आणि पोच पानाला जोडायची. रिकामा झालेला कॅमेरा मात्र लोक विसरतात. त्याच्या ढालीतलं युरेनियम, काही मॉडेलांत १५ किलोच्या आसपास, स्वतःच हिशोबात धरायचा आण्विक पदार्थ आहे. इथून कळंबोलीचा लोखंड बाजार अर्ध्या-पाऊण तासावर, म्हणून जुना कॅमेरा भंगाराच्या ढिगाजवळसुद्धा ठेवू नका. दिल्लीत १९८५ पासून पडून असलेलं एका विद्यापीठाचं कोबाल्ट-६० चं यंत्र २०१० साली लिलावातून मायापुरीच्या भंगारात पोचलं आणि एका कामगाराचा जीव गेला.

महिनाअखेरीला गणित सोपं: सुरुवातीची शिल्लक, अधिक आलेले, वजा गेलेले, बरोबर हातात मोजलेले. अणुइंधनाची भुकटी हाताळणाऱ्या कारखान्यांत मोजमापाच्या चुकीमुळे थोडा फरक राहतो आणि तो किती चालेल हे ठरवावं लागतं. आपल्याकडे सगळे मोजता येणारे नग आहेत. फरक शून्यच हवा.

शून्य आला नाही तर स्वतः शोधत बसून दिवस घालवू नका. शेवटच्या माणसाला फोन, मीटर घेऊन शेवटची जागा, आणि त्याच वेळी एईआरबीला व पोलिसांना खबर. मालक म्हणेल, संध्याकाळपर्यंत थांबू. थांबायचं नाही. खबर देण्याची जबाबदारी तुमच्यावरही आहे. म्हणून ते फोन नंबर पिटच्या दारावर आतून चिकटवलेले असू द्या, आणि दर तीन महिन्यांनी लावून बघा.