मधमाश्यांविना गच्चीवरील भाज्यांचे परागीकरण

सोलापुरातील ज्या गच्चीवर मधमाश्या फिरकत नाहीत, तेथे भोपळा व काकडीची मादी फुले फळ न धरताच पिवळी पडून गळतात. मादी फुलाच्या देठाशी इवलेसे फळ असते. नर फुलाचा देठ सडसडीत असतो. सकाळी ऊन चढण्यापूर्वी ताजे नर फूल खुडून, पाकळ्या काढून, मधला परागांनी माखलेला दांडा मादी फुलाच्या चिकट कुक्षीवर (फुलाच्या मधोमध पराग धरणाऱ्या टोकावर) सर्व बाजूंनी हलकेच फिरवावा. दुधी व दोडक्याची फुले संध्याकाळी उमलत असल्याने त्यांचे काम तिन्हीसांजेलाच करावे. सकाळची सवय येथे उपयोगाची नाही. टोमॅटो व वांग्याच्या एकाच फुलात दोन्ही अंगे असल्यामुळे फुलोऱ्याला टिचकी मारली तरी पुरते. मात्र पारा ४० अंशांपुढे गेल्यावर टोमॅटोचे पराग बहुधा निकामी होतात, म्हणून फुले हिवाळ्यात येतील अशा बेताने लागवड करावी.