नागपूर–हैदराबाद: रस्त्यात खायचं कसं

पहाटे पाचला निघा. हिंगणघाटला चहापुरतंच थांबायचं, पोट रिकामं ठेवा. पांढरकवड्यापुढं पैनगंगा ओलांडली की तेलंगण लागतं. नाश्त्याला हायवेवरचे चकचकीत ढाबे सोडून आदिलाबाद गावात शिरा. तव्यावर पाणी शिंपडून खराट्यानं झटकतात, गर्दी उभ्यानं खाते, अशा टपरीवर थांबा. पेसरट्टू मिळाला तर सोडू नका: हिरव्या मुगाचा डोसा, सोबत आल्याची चटणी.

जेवण कामारेड्डीकडे, दीडच्या आत. उशिरा गेलं की भाज्या संपतात. बोर्डावर ‘मील्स’, म्हणजे भाताची थाळी, लिहिलेलं बघा. पोळी शोधू नका बाप्पा! भात थोडा-थोडा घ्या. आधी पोडी, म्हणजे कोरडी चटणी, अन् वरून तूप, मग पप्पू, म्हणजे घट्ट वरण, त्यात गोंगुऱ्याची पचडी, म्हणजे चटणी, बोटाच्या टोकाएवढी. नंतर सांबार, रसम, शेवटी दही. आपल्या लोकांना सगळं एकदमच कालवायची घाई असते, मग कशाचीच चव लागत नाही. गोंगुरा म्हणजे आपली अंबाडीच. सावजी पचवणारे तिखटाला भीत नाहीत, पण हा आंबटपणा दात आंबवतो.

भात पुन्हा वाढतात, म्हणून एका मील्समध्ये दोघं जेवायची युक्ती करू नका; वाढपी लगेच ओळखतो.