फिल्टर मारूनही तेल आंबटच

आमच्या साखर कारखान्यातला 33/11 केव्हीचा ट्रान्सफॉर्मर जुना, तेल काळ्या चहासारखं. बीडीव्ही (तेल किती व्होल्टेजपर्यंत वीज अडवतं त्याचं माप) 28 केव्ही आला म्हणून ठेकेदाराने फिल्टर मशीन लावलं. 60-65 अंशांवर व्हॅक्यूममध्ये तेल फिरवलं की पाणी, हवा, कचरा निघतो. बीडीव्ही 60 च्या वर गेला, सगळे खूश. रंग मात्र तोच. म्हणून नमुना प्रयोगशाळेत पाठवला, तर आम्लता 0.32 (एक ग्रॅम तेलातलं आम्ल मारायला इतके मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागतं)! वापरातल्या तेलाला 0.3 म्हणजे हद्द झाली.

गोम अशी की बीडीव्हीला ओलावा आणि कचरा कळतो, विरघळलेलं आम्ल नाही. तेच आम्ल तारांच्या गुंडाळीवरचा इन्सुलेशनचा कागद खातं, गाळ होऊन रेडिएटरमध्ये बसतं. तेल बदलता येतं, कागद नाही.

मग फुलर्स अर्थचं रीजनरेशन युनिट (तेलातलं आम्ल काढून ते पुन्हा वापरण्याजोगं करणारं यंत्र) मागवलं. फुलर्स अर्थ ही मुलतानी मातीच्याच जातीची. आम्ल आणि ऑक्सिडेशनची घाण धरून ठेवते. गरम तेल मातीतून, मग व्हॅक्यूममधून, परत टाकीत. एका फेरीत भागत नाही, कारण गरम तेल आतला जुना गाळ सोडवत राहतं आणि आम्लता उतरून पुन्हा चढते. आकडा स्थिरावेपर्यंत मशीन काढू दिलं नाही. शेवटी 0.04.

माती तेलातले नैसर्गिक ऑक्सिडेशन-रोधकही ओढून घेते, म्हणून 0.3 टक्के डीबीपीसी हे कृत्रिम ऑक्सिडेशन-रोधक मिसळलं. (ठेकेदार हे विसरतात, बिलात विसरत नाहीत.) ब्रीदरची (टाकीत शिरणारी हवा कोरडी करणाऱ्या डबीची) सिलिका जेल ओलावा पिऊन गुलाबी पडली होती, तीही बदलली. वापरलेली तेलकट माती धोकादायक कचरा धरून अधिकृत विल्हेवाटीलाच दिली.