मधमाशा-फुलपाखरांसाठी गच्चीवरची बाग कशी उभी करायची

हिरवं छत म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकाच जातीचा हिरवा गालिचा अंथरलेला दिसतो. स्लॅब थंड ठेवायला तो पुरतो. पण मधमाशीला त्या गालिच्यात आणि सिमेंटच्या फरशीत फारसा फरक वाटत नाही, कारण दोन्हीकडे तिला खायला काही नसतं आणि अंडी घालायला जागाही नसते. परागवाहक कीटकांसाठी बाग करायची तर त्यांचं अख्खं आयुष्य डोळ्यांसमोर ठेवून आखणी करावी लागते. पूर्ण वाढलेल्या कीटकाला मकरंद आणि पराग लागतो, फुलपाखराच्या अळीला पानं लागतात, मादीला घरटं लागतं आणि पाणी सगळ्यांनाच लागतं. फुलं लावणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे.

जगात मधमाश्यांच्या २०,०००हून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य पोळं बांधत नाहीत. एकेक मादी आपलं घरटं एकटीच करते. सुमारे ७० टक्के जाती ते जमिनीत बीळ खणून करतात, उरलेल्यांपैकी पुष्कळ जणी पोकळ काड्यांत किंवा लाकडाच्या भोकांत. लहान चणीच्या माश्या घरट्यापासून काहीशे मीटरच्या पलीकडे जात नाहीत, त्यामुळे खाणं आणि घर जवळजवळ असावं लागतं. म्हणूनच ‘गच्चीवर मधपेटी ठेवली की झालं’ ही समजूत आम्हाला चुकीची वाटते. एका पेटीत हजारो कामकरी माश्या असतात. छोट्या बागेतला मकरंद त्या सकाळीच संपवतात आणि एकट्या राहणाऱ्या जाती उपाशी राहतात.

आधी वजन

मातीचं वजन नेहमी ती पाण्याने पूर्ण भिजलेली असताना धरायचं. साधी बागेतली माती भिजल्यावर लिटरमागे १.८ ते २ किलो भरते. गच्चीसाठीचं हलकं मिश्रण (कृती पुढे आहे) १ ते १.३ किलोच्या आसपास राहतं. एका चौरस मीटरवर १० सेंटीमीटर थर म्हणजे १०० लिटर माती, म्हणजे हलकं मिश्रण वापरूनही १३० किलोपर्यंत वजन. खालचे थर आणि झाडं यांचे २० ते ३० किलो त्यात धरा. वर चालणारी माणसं वेगळी. पाण्याचा हिशेबही विसरू नका: निचऱ्याचं तोंड तुंबून ५ सेंटीमीटर पाणी साचलं तर चौरस मीटरमागे आणखी ५० किलो.

मिश्रणाचं खरं वजन घरीच काढता येतं. तळाला भोकं पाडलेली १० लिटरची बादली मिश्रणाने काठोकाठ भरा, हलके ठोकून बसवा, दिवसभर पाण्यात बुडवून ठेवा, मग दोन तास निथळू द्या आणि तोला. बादलीचं वजन वजा करून १०ने भागलं की लिटरमागचा आकडा मिळतो. हा आकडा घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जा आणि स्लॅब किती भार पेलेल ते लेखी घ्या. जुन्या इमारतीत ही पायरी गाळू नका.

त्याच भेटीत आणखी एक काम करून घ्या. खांब आणि तुळया कुठे आहेत ते गच्चीवर खडूने आखून घ्या. भार पेलण्याची ताकद सगळीकडे सारखी नसते, आणि बागेलाही सगळीकडे सारखी जाडी नकोच असते. खांबांच्या डोक्यावर २० ते ३० सेंटीमीटरचे उंचवटे करा, मधल्या भागात ६ ते ८ सेंटीमीटर ठेवा. पातळ भाग लवकर तापतो आणि सुकतो, जाड भागात ओल टिकते. उंचवट्याची एक बाजू उन्हात तर दुसरी सावलीत राहते. एवढ्या चढउतारातून एकाच गच्चीवर चार-पाच प्रकारचे अधिवास तयार होतात. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात नव्या सपाट छतांवर हिरवळ बंधनकारक आहे आणि ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या छतांवर मातीची जाडी कमीजास्त ठेवावी लागते, ती याच कारणासाठी. सपाट, एकसारखा थर घालायला सोपा असतो, पण त्यावर थोड्याच जाती तगतात.

पाणी खाली जाऊ नये म्हणून

वॉटरप्रूफिंग झाल्यावर निचऱ्याची तोंडं बंद करा, ५ सेंटीमीटर पाणी भरा, ४८ तास तसंच ठेवा आणि खालच्या छताला ओल येते का पाहा. माती टाकल्यावर गळती सापडली तर सगळं उपसावं लागतं. उतार मीटरमागे किमान १ ते २ सेंटीमीटर हवा. कठड्यालगतचं वॉटरप्रूफिंग मातीच्या तयार पातळीपेक्षा किमान १५ सेंटीमीटर वर चढलेलं असावं. बहुतेक गळती स्लॅबच्या मध्यातून होत नाही, ती कडेला आणि पाइपांभोवती होते.

त्यावर मुळं अडवणारा थर येतो. डांबरी पत्र्यातून मुळं सहज आरपार जातात, म्हणून जाड एचडीपीई (चिवट प्लास्टिक) शीट वापरा आणि तिचे सांधे उष्णतेने वितळवून जोडून घ्या. नुसते एकावर एक ठेवलेले सांधे मुळं शोधून काढतात. मग २० ते २५ मिलिमीटर उंचीचा कपांचा ड्रेनेज बोर्ड, त्यावर पाणी सोडणारं पण माती अडवणारं जिओटेक्स्टाइल कापड. कापडाचे तुकडे एकमेकांवर २० सेंटीमीटर चढवा आणि कडेला मातीच्या वरपर्यंत उचला. चिकणमाती या कापडाची छिद्रं बुजवते. मिश्रणात बारीक भुकटी नको, ती यासाठी.

निचऱ्याच्या प्रत्येक तोंडावर झाकण उघडता येईल अशी जाळीची पेटी ठेवा. तिच्याभोवती आणि कठड्याच्या कडेने ३० सेंटीमीटर रुंद गोट्यांचा पट्टा सोडा. तिथे काहीही लावू नका.

मिश्रण

उथळ थरासाठी आकारमानाने ८० भाग खनिज आणि २० भाग सेंद्रिय द्रव्य. खनिज भागात विटांचा चुरा, प्युमिस (सच्छिद्र ज्वालामुखी दगड) किंवा भाजलेल्या मातीचे हलके गोळे चालतात. तुकडे २ ते १२ मिलिमीटरचे असावेत. विटांचा चुरा आधी चाळून आणि धुऊन घ्या. सिमेंटचा राडारोडा मिसळला तर मातीचा सामू वाढतो आणि पानं पिवळी पडू लागतात. सेंद्रिय भागात नीट कुजलेलं कंपोस्ट घ्या. कोकोपीट फार घातलं तर कोरडं पडल्यावर ते वाऱ्याने उडतं.

खत जास्त घालण्याचा मोह हमखास होतो. पहिल्या वर्षी बाग तरारते, मग सेंद्रिय भाग कुजून थर खाली बसतो आणि सकस मातीत वेगाने वाढणारं गवत फुलझाडांना गिळून टाकतं. रानफुलं हलक्या, उपाशी मातीतच टिकतात. मिश्रण दबून बसतं, म्हणून पसरताना जाडी १० ते १५ टक्के जास्त धरा.

फुलांचं वेळापत्रक

कागदावर बारा महिन्यांचे बारा रकाने आखा. प्रत्येक झाडासाठी एक ओळ घ्या आणि ते ज्या महिन्यांत फुलतं ते रकाने रंगवा. कोणत्याही महिन्यात किमान तीन जाती फुललेल्या दिसल्या पाहिजेत. बहुतेक तक्त्यांत दोन महिने बहार आणि मग मोठी फट निघते. ती फट बुजवणारी झाडं आधी शोधा, आवडीची मागून. थंड हवेतल्या छतांवर नुसतं सेडम (जाड पानांची बुटकी वनस्पती) लावतात त्याचीही हीच अडचण आहे: ते काही आठवडे भरभरून फुलतं, आणि मग माश्यांना दुसरीकडे जावं लागतं.

जागेनुसार निवड अशी करा. पातळ भागात पोर्तुलाका आणि पानफुटीसारख्या पाणी साठवणाऱ्या वनस्पती. मध्यम थरात तुळस, सब्जा आणि त्या कुळातल्या इतर सुगंधी वनस्पती. त्यांच्या मंजिऱ्या खुडू नका, छोट्या माश्यांची सगळ्यात जास्त गर्दी तिथेच असते. उंचवट्यांवर झुडपं. ही नावं उष्ण हवेतली आहेत. प्रदेश वेगळा असेल तर तुमच्याच भागात खडकाळ माळावर, भिंतींच्या फटीत, कातळावर आपोआप उगवणाऱ्या वनस्पती पाहा. गच्चीवरची परिस्थिती तशीच असते: पातळ माती, कडक ऊन आणि अडवायला काही नसलेला वारा.

फुलांच्या आकारात विविधता ठेवा. बडीशेप-कोथिंबिरीसारखी छत्रीच्या आकाराची फुलं साध्या माश्यांना आणि छोट्या मधमाश्यांना सोपी जातात. लांब नळीची फुलं फुलपाखरांना आणि लांब जिभेच्या मधमाश्यांना. मधमाश्यांना लाल रंग दिसत नाही, अतिनील मात्र दिसतो, म्हणून त्यांच्यासाठी निळी, जांभळी, पिवळी आणि पांढरी फुलं जास्त लावा. रात्री उमलणारी पांढरी सुवासिक फुलं पतंगांसाठी. वांगं आणि टोमॅटो यांच्या फुलांतला पराग थरथराटानेच बाहेर पडतो. पोळ्यातल्या मधमाशीला ते जमत नाही, भुंग्याला जमतं.

दुहेरी पाकळ्यांची फुलं टाळा. त्यांतल्या पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे पराग मिळत नाही आणि मकरंदापर्यंत वाटही राहत नाही. एकेक रोप विखरून लावू नका. मधमाशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर जाते, म्हणून एका जातीचा सलग मीटरभर पट्टा करा. जागा कमी असेल तर किमान पाच-सात रोपं एकत्र.

फुलपाखरांसाठी अळ्यांचं अन्न लावा. लिंबू आणि कढीपत्त्यावर लाइम आणि मॉर्मन फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, रुईवर प्लेन टायगरच्या. रेड पिएरोची अळी तर पानफुटीच्या जाड पानाच्या आत शिरून पान पोखरते. पानं कुरतडलेली दिसणं हीच इथे यशाची खूण आहे. ती पाहवत नसतील तर ही झाडं मागच्या बाजूला लावा, पण लावाच.

रोपं छोटी घ्या, ५ ते ८ सेंटीमीटरच्या पिशवीतली, चौरस मीटरमागे सहा ते दहा. मोठ्या कुंडीतलं झाड उथळ मातीत मुळं धरत नाही, वाऱ्याने उपटतं. रोपवाटिकेत इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम किंवा क्लोथियानिडिन वापरलं का ते विचारा. ही कीटकनाशकं झाडाच्या रसात उतरतात आणि पराग-मकरंदातून मधमाशीच्या पोटात जातात. युरोपीय संघाने २०१८मध्ये या तिन्हींच्या उघड्यावरच्या वापरावर बंदी घातली. खात्रीचं उत्तर मिळालं नाही तर बियांपासून रोपं करा.

घरटी आणि पाणी

एका उंचवट्याची सूर्याकडची बाजू पूर्ण उघडी ठेवा. तिथे वाळू आणि थोडी चिकणमाती यांचं घट्ट मिश्रण किमान ३० सेंटीमीटर खोल भरा. त्यावर पालापाचोळा, कापड, ठिबक काहीच नको. जमिनीत राहणाऱ्या माश्यांना आच्छादनाखालून बीळ खणता येत नाही. बागेत सगळीकडे जाड आच्छादन घालायची सवय त्यांच्या मुळावर येते.

काडीत राहणाऱ्यांसाठी बांबू किंवा बोरूच्या १५ सेंटीमीटर लांब नळ्या कापा. आतला व्यास ३ ते १० मिलिमीटर, मागचं तोंड पेराने बंद, पुढची कड कानशीने गुळगुळीत (कुसळांनी पंख फाटतात). पंधरा-वीस नळ्यांची जुडी उगवतीकडे तोंड करून, वर छोटं छप्पर देऊन भिंतीला घट्ट बसवा. टांगून ठेवलेली, वाऱ्यावर हेलकावणारी जुडी कोणी वापरत नाही. एकच भलंमोठं घर करण्यापेक्षा तीन-चार छोट्या जुड्या लांबलांब ठेवा, कारण गर्दीत परजीवी आणि बुरशी झपाट्याने पसरतात. माश्या बाहेर पडल्या की जुन्या नळ्या काढून नव्या घाला. भुंग्यासाठी १० ते १५ सेंटीमीटर जाडीचा वाळका, मऊ लाकडाचा ओंडका तारेने बांधून ठेवा.

पाण्यासाठी उथळ थाळीत गोटे भरा आणि त्यांची डोकी वर राहतील एवढंच पाणी घाला. दर दोन-तीन दिवसांनी बदला, म्हणजे डासांच्या अळ्या वाढणार नाहीत. शेजारी ओल्या मातीचा एक कोपरा ठेवा. फुलपाखरं तिथून क्षार शोषतात आणि काही माश्या घरट्यासाठी चिखल नेतात.

नंतरची वर्षं

पहिल्या हंगामात मुळं धरेपर्यंत आठवड्यातून दोनदा खोल पाणी, मग हळूहळू कमी. कोरड्या महिन्यांत बाग तपकिरी दिसली म्हणून घाबरून खत घालू नका. पक्ष्यांच्या विष्ठेतून वड, पिंपळ, उंबर उगवतातच. महिन्यातून एकदा फिरून दोन-चार पानांवर असतानाच ते मुळासकट काढा. वर्षभर दुर्लक्ष झालं की मुळं वॉटरप्रूफिंगच्या कडेत शिरतात. मोठ्या पावसाआधी निचऱ्याच्या पेट्या उघडून साफ करा.

छाटणी एका वेळी एक तृतीयांश भागाचीच करा. पोकळ दांड्यांचे ३० सेंटीमीटर खुंट उभे ठेवा, त्यात घरटी होतात. मावा आला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढा आणि मावा खाणाऱ्या ढालकिड्यांना (लेडीबर्ड) वेळ द्या. कडुनिंबाचं तेल नैसर्गिक असलं तरी अळ्यांना तेही मारतं.

मोजदाद ठेवा. दर पंधरवड्याला, ऊन असताना आणि वारा पडलेला असताना, एका चौरस मीटरसमोर दहा मिनिटं बसा आणि किती प्रकारचे कीटक फुलांवर येतात ते लिहा. फुलं आहेत पण कीटक नाहीत असं झालं तर आधी वारा तपासा आणि वाऱ्याच्या बाजूला झुडपांची आड करा. मग रोपांवरच्या औषधांचा विचार करा. खूप उंच इमारतीवर लहान माश्या कमी येतात, तिथे घरटी बागेतच असण्याला जास्त महत्त्व. गुलाबाच्या पानाच्या कडेला कात्रीने कापल्यासारखे गोल तुकडे गायब दिसले तर औषध मारू नका, ते पानकापी माशीने नेलेत. आणि बांबूच्या नळीचं तोंड चिखलाने किंवा पानाने बुजलेलं दिसलं तर आत अंडी आहेत. माश्या बाहेर पडेपर्यंत ती जुडी जागची हलवू नका.